‘येतो’ या क्रियापदाचा काळ

कोफोरिडुआ, ८ जून १९८०

ती. बोआतेमाताईस,
धाकट्या डुफीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, म्हणजे भट्टी धड आहे आणि पीठ मिळत नाही. मिळालं की पाव, नाही मिळालं की गप्पा. तुझा खोकला कसा आहे? खडूची भुकटी खाणं कमी कर, असं आई असती तर म्हणाली असती.

पत्राला कारण असं. रविवारी असियामा मामा आले आणि म्हणाले, तीन वर्षं झाली. कोकोची तोडणी सुरू व्हायच्या आत दार्क्वाचा पत्ता लागला नाही, तर लग्नात त्याच्या घरच्यांनी आणलेली दारूची बाटली मी परत नेऊन देणार. बाटली परत गेली की लग्न संपलं. मी म्हटलं, मामा, ती तर तुम्ही त्याच दिवशी रिकामी केलीत. तर म्हणतात, नवी घेईन, मोडायला नवी चालते.

ताई, मला ती बाटली जायला नको आहे. माझा नवरा काही हरवलेला नाही, नायजेरियात इबादानच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आहे. निघताना दारात मला म्हणाला होता, ‘आय अ‍ॅम कमिंग.’ आपण सगळेच निघताना ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ कोण म्हणतं! पण तो इंग्रजीत म्हणाला, म्हणून मी ते जास्त पक्कं धरलं. माझ्या पत्रांना त्याचं उत्तर येत नाही, म्हणून आता त्याच्या हेडमास्तरांनाच इंग्रजीत लिहिलं आहे. सोबत जोडलंय. तपासून पाठव. मार्क देऊ नकोस.

पत्राची वाट पाहते, तेवढं मला चांगलं जमतं.
तुझी डुफी

केप कोस्ट, १६ जून १९८०

चि. डुफीस अ. आ.

तुझं पत्र लाल शाईत बुडवून परत पाठवते आहे, रुसू नकोस. ‘मॅरिड विथ हिम’ नव्हे, ‘मॅरिड टू हिम’. लग्न कुणासोबत तरी होतं असं आपल्याला वाटतं. इंग्रजीत ते कुणाच्या तरी दिशेनं होतं, एका बाजूनं. त्या हिशोबानं तुझं लग्न फार शुद्ध इंग्रजी आहे.

‘वेटिंग हिम’ चालत नाही, ‘वेटिंग फॉर हिम’ लिही. ‘ऑन’ चुकूनही लावू नकोस. ‘वेटिंग ऑन’ म्हणजे ताट वाढून शेजारी उभं राहणं. तेही तू केलंस, पण हेडमास्तरांना कळायची गरज नाही.

एका वाक्यापाशी मात्र माझं पेन अडलं. तू लिहिलंस, ‘ही इज लीव्हिंग मी सिन्स थ्री इयर्स.’ इंग्रजीत तीन वर्षं सोडून जात राहता येत नाही गं. ‘ही लेफ्ट मी’ म्हण, म्हणजे सोडून गेला, झालं. नाहीतर ‘आय हॅव बीन वेटिंग’ म्हण, म्हणजे तेव्हापासून वाट पाहते आहे आणि अजूनही पाहते आहे. यातला कुठला काळ घ्यायचा ते मी ठरवू शकत नाही. तो तुझा आहे.

आणि ते ‘आय अ‍ॅम कमिंग’! मुलींच्या वह्यांतून हे खोडण्यात माझी निम्मी शाई संपते. इंग्रज माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही, ‘परत येईन’ म्हणतो. दार्क्वालाही तुझ्याच स्वयंपाकघरात हे सांगितलं होतं. तो हसून म्हणाला, ताई, नवरा-बायकोत व्याकरण कशाला?

जेवत जा. बाकी चुका मी पाहून घेईन.
तुझी ताई

कोफोरिडुआ, २ ऑगस्ट १९८०

ती. ताईस सा. न. वि. वि.

‘आय हॅव बीन वेटिंग’ असंच लिहून पाठवलं होतं. दुसरं वाक्य हातून उतरेना.

उत्तर आलं. मी भट्टीपाशी होते, पाकीट मामांनी फोडलं. सुरुवातीलाच होतं, ‘मिस्टर दार्क्वा इज लेट’. मामांनी टोपी काढली. ‘लेट’ आपण कुणाला म्हणतो ते तुला काय सांगायचं, जो परत येणार नाही त्यालाच. पुढे ‘इन रिझ्युमिंग ड्यूटी’ असं काहीतरी आहे. मामा म्हणतात, म्हणजे ड्यूटीवर असताना गेला, मानाचं मरण. तेव्हापासून घर भरलं आहे. मी सुतकाचं लाल कापड नेसून बसले आहे. बाटलीचा विषय कुणी काढत नाही. उलट मामा येईल त्याला सांगतात, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. काल दिवसकार्याला वाजवायचा ब्रास बँड ठरवायला गेले होते.

ताई, मला रडू येत नाही. बायका म्हणतात, धक्का बसलाय. तुला खरं सांगते, ऐकल्यावर आधी मनात आलं ते हे की, म्हणजे त्याला यायचं होतं, येता येत नव्हतं. इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

मामांच्या खिशातून कागद काढून सगळा मजकूर खाली उतरवला आहे. इंग्रजी जड आहे, आणि बायकांच्या इतक्या रडण्यात मला ते लागत नाही. वाच आणि सांत्वनाला ये.

आता तुझ्याशिवाय कोण.
डुफी

केप कोस्ट, ६ ऑगस्ट १९८०

चि. डुफीस अ. आ.

हे पत्र लॉरीवाल्या येबोआच्या हातून पाठवते आहे, टपाल पोचेपर्यंत मला दम निघायचा नाही. आधी ते लाल कापड सोड. बँडवाल्याला थांबव.

‘लेट’च्या पुढे ‘इन’ आहे. मेलेल्या माणसापुढे कुठलंच अव्यय लागत नाही, तो नुसता लेट असतो. ‘लेट इन’ म्हणजे एखाद्या कामाला उशीर झालेला. दार्क्वाला कामावर रुजू व्हायला उशीर झाला आहे, एवढंच हेडमास्तर म्हणतात. एप्रिलमध्ये बायकोला भेटून येतो म्हणून थोड्या दिवसांची रजा घेऊन तो निघाला. निघताना काय म्हणाला, तेही त्यांनी अवतरणचिन्हांत दिलं आहे: ‘आय अ‍ॅम कमिंग.’ तेही तेव्हापासून वाट पाहताहेत. तो तुमच्याकडे असेल तर कृपया लावून द्या, मुलं खोळंबली आहेत, असं लिहितात. शेवटी तुझ्या इंग्रजीची स्तुती आहे, आणि जागा रिकामी असल्यामुळे तू शिकवायला येशील का, अशी विचारणा.

तो जिवंत आहे, डुफी. ही आनंदाची बातमी मी इतकी जपून का लिहिते आहे, ते तुला कळेल.

बोलावशील तेव्हा निघते. यात चूक काढू नकोस.
ताई

कोफोरिडुआ, २४ ऑगस्ट १९८०

ती. ताईस सा. न. वि. वि.

लाल कापड सोडलं. मामा फार खचले. जावई जिवंत निघाला म्हणून इतकं वाईट वाटलेला माणूस मी पाहिला नव्हता. बँडवाला वेगळाच रुसला आहे.

पीठ आलं. मळता मळता वाटत राहिलं, मी विधवा होते तेवढे दिवस माझं लग्न किती चांगलं होतं. इबादानहून आपल्याकडचा रस्ता लांब आहे, पण एप्रिलमध्ये निघालेला माणूस ऑगस्टमध्ये पोचू नये इतका नाही.

काल मीच मामांना म्हटलं, नवी बाटली घ्या. मीही सोबत गेले. दार्क्वाचे मामा मला म्हणाले, पोरी, थोडी कळ काढ, तो येतोच म्हणाला होता ना? मी विचारलं, कधी, ते म्हणाला होता का? त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, ठेव तिथे.

हेडमास्तरांनाही लिहिलं. टाकलंसुद्धा पोस्टात, तुला तपासायला मुद्दाम पाठवलं नाही. एकच वाक्य होतं, ‘आय वेटेड फॉर हिम.’ ‘फॉर’ विसरले नाही, बघ. काळही माझा मी निवडला. लिहून झाल्यावर मात्र रडू आलं. बायका म्हणाल्या, आता कशाला?

थोडे दिवस तुझ्याकडे यावंसं वाटतंय. तू मुलींकडून घोकून घेतेस ना, वाराच्या आधी ‘ऑन’, वेळेच्या आधी ‘अ‍ॅट’. त्याच्या वाक्यात दोन्ही नव्हतं, आणि मला ते तीन वर्षं दिसलं नाही. म्हणून नीट लिहिते, लाल शाई तयार ठेव: आय अ‍ॅम कमिंग ऑन सॅटर्डे, अ‍ॅट नून. पाव मी आणते, मासे तू तळून ठेव.

लोभ आहेच, तो काय मागायचा. लॉरीच्या थांब्यावर तेवढी उभी राहा.
तुझी डुफी