जावयाच्या पानातला नर

नैहाटी,
जावईषष्ठीनंतरचा मंगळवार

राजमान्य राजश्री व्याहीमहाराज अनादिबाबू यांस शशधर मालोचा नमस्कार.

आपला संधिवात कसा आहे? विहीणबाईंचा दमा बसला असेलच. इकडे सगळे खुशाल. (परवा दुपारी तेवढे खुशाल नव्हतो, म्हणून हे पत्र.)

झालं असं. जावईषष्ठीला, जावयाच्या मानाच्या जेवणाला, आपले चिरंजीव प्रदोष आले. त्या दिवशी भावामुळे बाजारात रोहूला हात लावायची सोय नसते. आमच्या हिने माझ्या मत्स्यबीजाच्या हौदात एकटाच पोहणारा थोरला रोहू पाहिला आणि नवऱ्याला एकदाची अक्कल आली, जावयासाठी मासा आणून ठेवला, असं समजून तो कापला. मुंडकं रीतीप्रमाणे जावयाच्या पानात. प्रदोषनी ते चोखून झाल्यावर मी हौदावर गेलो आणि बोंबच मारली. तो माझा बीजाचा नर होता, सकाळीच सुई दिलेला!

मग सुई कसली, हे भर पंगतीत सांगावं लागलं. माशाच्या मेंदूखाली मोहरीएवढी ग्रंथी असते. तिचा हुकूम सुटला की नराचं वीर्य तयार होऊन वाहतं. तळ्यात कोंडलेल्या रोहूत तो हुकूम अर्धवटच निघतो, म्हणून दुसऱ्या माशाची ग्रंथी घोटून टोचायची. (लेकीसमोर, व्याहीमहाराज! टुकू पानावरून उठूनच गेली.) प्रदोष पांढरेफटक. "बाबा, आता माझं काय होणार?" मला तर जावई हातचा गेला असंच वाटलं. ही मात्र शांत. "लग्नाला चार वर्षं झाली. झालं तर भलंच होईल की!"

डॉक्टर पाकडाशींना बोलावलं. ते पोट धरधरून हसले. शिजलं की त्या सुईचा अंशही उरत नाही, म्हणाले, आणि कच्चं खाल्लं तरी पोटात पचूनच जातं. माझा जीव भांड्यात पडला. हिचं तोंड उतरलं. लगोलग दुसऱ्या नराला सुई दिली. संध्याकाळी प्रदोषनी नव्या धोतरानिशी तो धरला, मी पोट दाबलं, दुधासारखी धार लागली. निम्मी धोतरावर गेली, पण उरलेल्या निम्मीत मादीची अंडी फळली. जावई धड, हंगाम धड, आणखी काय हवं?

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
शशधर

ता. क. माझी ग्रंथींच्या अर्काची कुपी सापडत नाही. प्रदोषच्या पिशवीत चुकून आली का, पाहावं.

आणखी ता. क. चुकून नव्हे. हिने आत्ता सांगितलं. डॉक्टरांचं अर्धंच वाक्य ऐकून ही आत गेली होती. शिजवलेलं चालत नाही, मग कच्चं दिलं. ताकदीचं औषध म्हणून, रोज दुधातून दहा थेंब. अपाय काही नाही, पण प्रदोषना थांबवा आणि कुपी परत पाठवा, माझे नर खोळंबलेत. आणि उद्या खरंच गोड बातमी आली, तर कृपा करून औषधाचं नाव कुठे काढू नका. नैहाटीतल्या झाडून साऱ्या सासवा माझ्या हौदावर येतील.