नव्या विजेचा नमुना

आप्पा, आज फार थकले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की घरात तुमच्याविषयी बोलताना आता कुणाचा आवाज बदलत नाही; आणि मी मात्र लिंबायतमधल्या तुमच्याच यंत्रमागाच्या शेडच्या कोपऱ्यात बसून तुम्हाला विजेबद्दल लिहिते आहे. लूम चालू आहेत. इथे मनातलंसुद्धा मोठ्यानं बोलावं लागतं.

तुमच्या वेळी वीज आली की आली, गेली की गेली. आठवड्यातला एक दिवस आपल्या भागाची लाईन बंद असायची, तीच तुमची सुट्टी. त्या दिवशी चुलीचा ताबा तुमच्याकडे. तुम्ही शेवभाजी करता आहात, तर्री सगळ्यांआधी माझ्या ताटात येते आहे, आई दारात बसून उगाच चुका काढते आहे. एकदा भलत्याच दिवशी लाईट गेली आणि तुम्ही घरी येणार म्हणून मी टाळ्या पिटल्या. तुम्ही आलात ते चिडूनच. "लाईट गई म्हनीसन टाया वाजाडस? लूम बंद ऱ्हायनात ते काय खासूत आपन?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि मला फार वाईट वाटलं.

आता वीज जात नाही, निवडावी लागते. कापड घेणाऱ्या बड्या व्यापाऱ्याला माल उन्हा-वाऱ्याच्या विजेवर विणलेला हवा, म्हणून आम्ही शेडवाल्यांनी मिळून तशी वीज घ्यायचं ठरवलं. शिकलेली म्हणून पुरवठादार पारखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिघे आले, तिघांच्याही कागदांवर हिरवी पानं. व्यापाऱ्याला कुणाचीही चालली असती. मी मात्र प्रत्येकाला एकच विचारत राहिले, आमच्या पैशातून तुम्ही नवं काय उभारणार? एकजण दुसऱ्यांच्या जुन्या पवनचक्क्यांची वीज घेऊन आम्हाला विकणार होता. दुसऱ्याचं नवं काम म्हणजे जुन्यालाच रंगरंगोटी. उत्तरं ऐकून डोकं उठलं. तुमच्याबरोबर लूम चालवलेले काका कापडवाल्याच्या सवयीनं म्हणाले, "पहले सॅम्पल दिखाओ, फिर बात." सगळे हसले, विजेचं सॅम्पल कुठून आणणार? तिसरा हसला नाही. तो आम्हाला कामरेजच्या पुढे घेऊन गेला. माळावर नुसते लोखंडी खांब, खणलेले चर, सौर पॅनेल एकही नाही. काका खांब हलवून बघत होते.

नवं उभारणारा तो एकटाच. पण त्याची वीज पुढच्या वर्षी, आणि शब्द आजच द्यायचा, तोही बऱ्याच वर्षांसाठी. त्याचं काम रखडलं तर व्यापारी जाईल, शेड बंद पडतील. तरी आज बैठकीत मी त्याचंच नाव सांगितलं. आहे तीच वीज या हातातून त्या हातात फिरवून कोळशाच्या वीजकेंद्राची कुठलीच चिमणी थंड होत नाही, हे समजावता समजावता घसा बसला. मला ती एक तरी चिमणी थंड झालेली बघायची आहे, आप्पा. शेवटी काका म्हणाले, "पोरी, त्या खड्डासवर आमनं पोट ठेवस का?"

मी म्हणाले, आप्पा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं. मग काकांनी सही केली, त्यांच्यामागून बाकीच्यांनी. तुमच्या शब्दाला इथे अजून मान आहे.

हे पत्र टाकायचं कुठे? राहील इथेच. मला वाटतं, तुम्ही काकांच्याच बाजूनं बोलला असतात.