काळ्या चौकोनाला पडलेली भोकं

कुनहाय दादास, ताइनानहून धाकट्या युचेनचा वाकून नमस्कार.

"काळं करायचं तर पुरतं काळं कर, नाहीतर हात लावू नकोस," असं बाबा तुला रेडिओच्या आतल्या पाटीवर रंग भरताना म्हणाले होते, आठवतं? तू आठ वर्षांचा होतास आणि निम्मा रंग तुझ्या चड्डीवर होता. तुझी कंबर कशी आहे? चहाचं दुकान बरं चाललंय ना? आम्ही मजेत आहोत. कान सोडले तर आई माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

तर बाबांचा तो रेडिओ मी दुरुस्त करतेय. (आईने तुझ्याकडे राहायला यावं की नाही, या भांडणात तो तुझ्या हातून कसा पडला, त्यात मी शिरत नाही.) आतली सर्किटची पाटी दुभंगली होती, म्हणून नवी घरीच करायला घेतली. काम सोपं आहे. विजेच्या वाटांचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्याच्या पाटीवर ठेवून इस्त्री फिरवायची, की काळं तांब्याला चिकटतं. मग पाटी द्रावणात बुडवायची. काळ्याखालचं तांबं वाचतं, बाकीचं विरघळतं. माझ्या रेघा पहिल्याच झटक्यात सुरेख आल्या. (नकाशा उलटा छापायचा असतो, हे दुसऱ्या झटक्यात कळलं.) पण पाटीवर एक मोठा सलग काळा चौकोन आहे. माझा प्रिंटर त्याच्या कडा काजळासारख्या काढतो आणि मध्ये फिकटतो. द्रावणाने तिथल्या तांब्याची चाळणी केली.

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात ते खाऊचं पाकीट प्रिंटरवर ठेवलं नव्हतं असं नाही. आईने आधी तेच तपासलं. "अगं, पिवळं? पिवळ्या दिव्याला गाड्या थांबतात, मशीन काय धावणार! चाळिशी उलटली तरी अक्कल नाही." दुकानातली हिरवी पाकिटं संपली होती, हे तिला (सोयीने) ऐकू आलं नाही. हिरवं आणलं, मुदत बघून. तरी भोकं. एकावर एक दोनदा छापलं, तर दुसरा थर केसभर सरकून शेजारच्या रेघांना जाऊन भिडला. पाच पाट्या वाया गेल्या. आई त्या गरम पातेल्यांखाली ठेवते.

मग एका सकाळी जाळीवर मासे वाळत घालताना आई ओरडली (हल्ली ती बोलत नाही, ओरडतेच), "एवढं सगळं काळं कशाला हवं? जाळी पुरते की!" मी चौकोनाच्या जागी बारीक रेघांची जाळी छापली. रेघा माझा प्रिंटर झकास काढतो, आणि विजेला जाळीतूनही वाट मिळते. पाटी अशी उतरली की बाबांना चूक काढायला भिंग लागलं असतं.

तरीही, दुकानातला तुझा जुना प्रिंटर दाट काळं छापतो, तो मला हवाय. नाजूक आहे, तेव्हा रविवारी स्वतःच गाडीतून आण.

तुझी,
युचेन

ता. क. प्रिंटर नसला तरी चालेल. पाटी झाली, हे वर लिहून बसलेच आहे.

आणखी एक ता. क. रेडिओ जोडून आईसमोर ठेवलाय. मला बटणाला हात लावू देत नाही. "ज्याने पाडला, त्याने लावावा," म्हणते, आणि रोज दुपारी तिच्या नाटकाच्या वेळेला त्या मुक्या डब्यासमोर जाऊन बसते. रविवारी दुकानात गर्दी असते, असं तू कळवशील. मला ते पाठ आहे. तरी बाराच्या आत ये.