बटणांच्या दुकानाबाहेरचं स्टूल

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनातच घ्या, कारण इथली फरशी इतकी तापलेली आहे की आडवं पडायची सोय नाही). तुमची कंबर कशी आहे? दादाचा घसा आणि त्यातून निघणारा आवाज, दोन्ही ठणठणीत असणारच. मी खुशाल आहे. अंमळ भाजलोय, एवढंच.

दादाने मला इथे कशाला पाठवलं ते तुम्ही जाणताच. शाळेच्या गणवेशांसाठी पांढरी बटणं न्यायची, तीही गुरुवारच्या आत. नीट नेली तर मला दुकानात पुढच्या काउंटरवर बसवणार, नाहीतर जन्मभर मागच्या खोलीत काजं करत बसायचं. (चौदा वर्षं काजंच करतोय. का, तर म्हणे मी गिऱ्हाइकाशी फार बोलतो.) त्यामुळे हे काम मी किती मनावर घेतलं होतं ते सांगायला नको.

पण काय बाजार आहे वहिनी! एक गल्ली नुसत्या कुलपांची, एक चाळण्यांची, एक दोरखंडांची. मागून हातगाडीवाला बाजूला व्हा म्हणून ओरडतो, पण कुठल्या बाजूला ते सांगत नाही. एका वळणावर समोरून एक लालबुंद, घामाघूम, बावळट माणूस अंगावर येताना दिसला. मी अदबीने त्याला वाट दिली, तर तो हमालाच्या पाठीवरच्या आरशात मीच. अशा अवस्थेत बटणवाल्या आजींचं दुकान सापडलं. दारात सावलीला एक स्टूल होतं. बसलो. आजींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, हातात कात्री दिली, चपला घातल्या आणि डबा घेऊन चालत्या झाल्या.

शेजारच्या फीतवाल्याने मग खुलासा केला. या बाजारात मालकाला जेवायला जायचं असलं की तो बाहेर स्टूल ठेवतो. जो बसेल त्याने मालक येईपर्यंत दुकान सांभाळायचं, मध्येच उठायचं नाही. परगावचा माणूस आपण होऊन बसल्याचं त्याने बापजन्मात पाहिलं नव्हतं. आजी तासाभरात येतील, असं तो म्हणाला. आजी पाच वाजता आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दुपारी झोपल्या होत्या, बिचाऱ्या.

तोवर मी विकत सुटलो होतो. कोटाची, झबल्याची, चार भोकांची, भोक नसलेली. एक बाई नुसता रस्ता विचारायला आल्या, त्या दोन डझन घेऊन गेल्या (रस्ता सांगायचा राहिलाच). वहिनी, खरं सांगतो, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. लोक मला विचारत होते आणि मी बोललेलं ऐकत होते. शेवटी एक शिंपी घाईघाईने आला, त्याला मी कोपऱ्यातला अख्खा खोका गळ्यात मारला.

आजींनी कोपऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "अरे, त्या खोक्यावर चिठ्ठी होती. वाचली नाहीस?"

चिठ्ठीवर दादाचं नाव होतं. पांढरा माल आता पुढच्या महिन्यात येणार.

असो. बाकी सर्व क्षेम. तुमच्या चिमणीला गोड पापा, दादाला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
धाकटा दीर

ता. क. पार्सलने निळी बटणं पाठवली आहेत. शाळेच्या बाईंना सांगा, निळ्यावर शाईचा डाग दिसत नाही. (हे इथे काल सात जणांना सांगितलं, सातही जणांनी निळीच नेली.)

आणखी एक. दादा ताजा कलम वाचत नाही, म्हणून हे इथे लिहितो. आजींनी विचारलंय, रोज बसशील का? मी घरी विचारून सांगतो म्हणालो आणि आज तिसरा दिवस बसलोय. तेव्हा पुढचं काउंटर माझ्यासाठी अडवून ठेवू नका. काजांना दुसरा माणूस बघा, कमी बोलणारा. दादाला हे जेवताना सांगा, तोंडात घास असताना.

शेवटचं. तो भांडायला इथे येणारच, येऊ द्या. त्याने मला विकताना कधी पाहिलेलं नाही, वहिनी. फक्त निघण्याआधी त्याच्या सदऱ्याचं एक बटण हळूच काढून ठेवा. पुढचं मी बघतो.