आय-फाइव्हचं पूर्ण नाव

लातूर, गुरुवार

चि. दयानंद यास अक्काचा आशीर्वाद.

तुझी पाठ आणि उज्वलाचा घसा आता बरा असेल, असं धरून चालते. माझे गुडघे ठीक आहेत. जीभ नको तितकी ठीक आहे आणि हे पत्र तिच्यामुळेच लिहावं लागतंय. (फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून पत्र.)

संगमेश्वरच्या दुकानातून आपण दिसायला सारखेच दोन लॅपटॉप घेतले. माझा जरा भारी, कारण नातवाशी, शिवांशशी, बोलताना त्याचं चित्र अडकू नये. पूजेआधी मशीन सुरू करायचं नाही हा अप्पांचा नियम. म्हणून खंडेनवमीला तुझ्याकडे नांदेडला दोन्ही तसेच बंद, अप्पांच्या तराजूशेजारी पाटावर बसले. निघायच्या घाईत मी ओल्या फडक्यानं दोन्ही पुसले आणि माझा उचलला. तेव्हा तूच म्हणालास, "अक्का, नुसत्या आय-फाइव्हवर जाऊ नको, प्रोसेसरचं नेमकं मॉडेल बघ."

खरंच आहे. आय-फाइव्ह हे आडनाव झालं. त्या आडनावाची भावकी चाकूरपासून धर्माबादपर्यंत. त्यात धट्टाकट्टा कोण आणि जिना चढताना धापा टाकणारा कोण, हे पुढच्या आकड्यांवरून कळतं. कॉन्व्हेंटात अर्धं नाव सांगणाऱ्या मुलीला सिस्टर परत उभं करायच्या. मीही तू सांगितलेलं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि प्रोसेसरला पूर्ण नाव विचारलं. तो निमूट म्हणाला, १२३५, पुढे यू. माझ्या बिलावर १२४०, पुढे पी! सेटिंगमध्ये जाऊन उलटतपासणी घेतली, तिथंही तेच. दोन साक्षीदार, एकच जबाब. मी तशीच चप्पल घातली.

दुकानात गर्दी होती. मी आवाज चढवला नाही. (मी चढवत नाही, तो आपोआप वर जातो.) संगमेश्वर म्हणाला, "मावशी, पॅक डबा दिला की तुम्हाला. मी कशाला बदलू?"

"डब्याला काय विचारायचं? मी प्रोसेसरलाच विचारून आले."

गिऱ्हाइकं हसली. मला बरं वाटलं, आणि आता तेच टोचतंय. "आई बसलीय आत, जरा हळू तरी बोला," तो म्हणाला. त्याची आई म्हणजे आपली गौरम्मा. शाळेपासून दर सोमवारी सिद्धेश्वराला आम्ही दोघी मिळून जातो. ती बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "सरू, तुझ्यासाठी चहा सांगितला होता. आता ऱ्हाऊ दे." बस्स. यापेक्षा तिनं भांडायला हवं होतं.

सोमवारी मी फाटकात उभी राहिले. ती मागच्या गल्लीनं एकटीच गेली होती. पिशवीतली बेलाची पानं तशीच सुकली. तरीही म्हणणं माझंच बरोबर होतं, असं आज सकाळपर्यंत वाटत होतं.

तुझी,
सरोजाक्का

ता. क. आज कानातल्या काडीनं लॅपटॉपची बिजागरी साफ केली. कुंकू निघालं. दयानंद, माझ्या मशीनला मी तीन बोटं विभूती ओढली होती. हळदकुंकू उज्वलानं तुमच्या मशीनला लावलं होतं, तिच्या माहेरच्या रीतीनं. मी दोन्ही लॅपटॉप पुसून ठेवले आणि तुमचा उचलला. संगमेश्वरनं योग्य माल दिला, सॉफ्टवेअरनं खरं सांगितलं. मी प्रोसेसरला नाव तेवढं विचारलं, तू कुणाचा रे, ते विचारलं नाही.

आणखी ता. क. या रविवारी ये. माझं मशीन आणू नको, उज्वलाला त्याची सवय झाली असेल. शिवांशचं चित्र अडकलं तर अडकू दे, तेवढाच जास्त वेळ दिसेल. तू फक्त माझ्याबरोबर दुकानात चल. गर्दीच्या वेळी जायचं. बोलले गर्दीत, तर चुकलेही गर्दीतच म्हणणार. तू मध्ये बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच, नुसतं दारात उभं राहायचं, मी परत फिरू नये म्हणून. गौरम्मानं चहा सांगितला तर गाडी लगेच काढू नको. नाही सांगितला, तरी काढू नको.