पेढे सुपरवायझरचे, लाडू कामगाराचे

चंदीगड, १२ मार्च १९८८

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार आणि आधी माफी. मी सुपरवायझर झाले म्हणून तुम्ही सांगलीत गल्लीभर पेढे वाटलेत. ते पद मी आज लढून घालवलं.

ते नावापुरतंच होतं, अण्णा. टेबल तेच, काम तेच. पण सुपरवायझरला युनियनमध्ये राहता येत नाही, म्हणून कारखान्याने आम्हा अकरा जणींना एका कागदावर सुपरवायझर करून टाकलं.

कर्फ्यूमुळे दोनदा पुढे गेलेली आमच्या तक्रारीची सुनावणी आज झाली; मी दिवसाचा पगार बुडवून गेले. माझ्या हाताखाली दाखवलेल्या गुरमेलला लेबर ऑफिसरने विचारलं, "तुमची रजा या मंजूर करतात?"

तो शांतपणे म्हणाला, "साबजी, आज की छुट्टी हम दोनों ने माँगी थी. मेरी मिल गई, बहनजी की नामंजूर हो गई."

ऑफिसरसुद्धा हसले, आणि अकराही नावांपुढे त्यांनी 'कामगार' लिहिलं. संध्याकाळी गुरमेलने गेटवर लाडू वाटले.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही अजून ऐटीत सगळ्यांना सांगत असाल. पण पेढे तुम्ही वाटलेत तेव्हा मी इथे एकटी होते, आणि आज लाडू पुरले नाहीत.

तुमची कामगार मुलगी,
पद्मिनी