राणीच्या दोन सीडी

मी, चंद्रभान गजानन चुरी, वय ७४, मूळचा माकुणसारचा, हल्ली मुक्काम सरावली, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. अंग मात्र दमलंय.

१. माकुणसारची चिकूची वाडी मुलगी हेमांगी हिला. माझ्या भावाने कुंपण आत सरकवलंय. भांडायचं की नाही ते तिने ठरवावं, माझ्यात आता त्राण नाही.

२. सरावलीचं घर आणि जिथून आम्ही गावाला केबल टीव्ही द्यायचो ती, आता बंद पडलेली खोली मुलगा कुशल याला. खोलीतलं सगळं भंगारात घाल, 'सात भोवऱ्यांची राणी' सोडून.

३. हा कार्टूनपट एका जुन्या अद्भुत कादंबरीवरचा. पोरं म्हणाली, राक्षस हलतच नाही. पुस्तक वाचलेले म्हणाले, गोष्टीची वाट लावली. अरे, पैसे नव्हते म्हणून चित्रकारांनी माणसं स्थिर ठेवली आणि नुसतं पाणी हलवलं! राणी वाट बघत उभी, मागे समुद्र. पुस्तक वाचताना मी जे मनात बघितलं, तेच तिथे दिसतं. एवढ्या चांगल्या कामाला कोणी विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

४. पिक्चर दोन सीडींत आहे. पहिलीच्या शेवटी राणी नवऱ्याबरोबर नावेत बसून हसते. दुसरीत गाव वाचवायला भोवऱ्यात उतरते आणि मरते. कुशलने केबलवर पहिल्याच दिवशी दुसरी आधी लावली. अख्ख्या सरावलीला वाटलं, राणी मरते आणि देव तिला परत पाठवतो. पुढे मी नीट लावला, तर कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांतून फोन, "भाई, उल्टा क्यों लगाया?"

५. माझी बायको दमयंती आजारपणात रोज तोच बघायची, तोही उलटा. मी म्हणायचो, "अगं, खरा शेवट असा नाय." ती म्हणायची, "तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा. मला ती नावेत बसलेलीच बघायची हाय."
ती गेल्यावर मी एकदा बरोबर क्रमाने लावला. राणी पाण्यात उतरली आणि मी उठून बंद केला. बघवलं नाही.

६. माझ्या बाराव्याला जेवणं आटोपली की अंगणात पडदा बांधून हा पिक्चर सगळ्यांना पूर्ण दाखवावा. कोणी कितीही कुरकुर करो. कुशल, यावरून तुला जन्मभर शिव्या घातल्या. बाळा, दुसरी आधी लाव.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
चंद्रभान गजानन चुरी

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार :
१. गोमा लाडक्या धोडी, मासवण (केबलच्या वायरी यानेच ओढल्या)
२. मेघाली रूपेश राऊत, शेजारीण, सरावली

ठिकाण : सरावली, ता. पालघर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५